मनाची त्वचा

एखाद्या घरातील सायंकाळ डोळ्यांपुढे आणा. सहा वाजता परत येते म्हणून बाहेर पडलेली आई साडेसहाला आली आहे. वीस वर्षांची मुलगी दारातच उभी आहे. "तुला मी नकोच आहे!" असे ओरडून ती हातातले भांडे भिरकावते आणि खोलीचे दार लावून घेते. रात्री उशिरा तीच आईच्या कुशीत शिरून हमसाहमशी रडते. सकाळी पाहावे, तर तिच्याइतकी प्रेमळ लेक शोधून सापडणार नाही. शेजारी म्हणतात, "फार लाडावून ठेवली आहे." आत्याबाई म्हणतात, "आईचे वळणच कमी पडले." वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसतात, आणि आठ-पंधरा दिवसांनी हाच प्रसंग नव्या निमित्ताने पुन्हा घडतो.

या घरात दोष कोणाचा, हे जो तो विचारतो. हा आजार तर नसेल, असे मात्र सहसा कोणाच्या मनात येत नाही.

प्रत्येक रागीट मुलगी आजारी असते, असे मला म्हणावयाचे नाही. परंतु असे वागणे वर्षानुवर्षे चालत राहिले, त्याच्या जोडीला टाकले जाण्याची सततची धास्ती, आज देव वाटणारा माणूस उद्या वैरी वाटणे, आतून पोकळ झाल्याची भावना, स्वतःला इजा करून घेण्याची ओढ अशी लक्षणे दिसली, तर तज्ज्ञ 'बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर', म्हणजे सीमावर्ती व्यक्तिमत्त्वविकार, या निदानाचा विचार करतात. हे नाव जुन्या समजुतीतून आले आहे. अॅडॉल्फ स्टर्न या अमेरिकन मनोविश्लेषकाने 1938 साली अशा रुग्णांचे वर्णन केले. सौम्य मनोविकार आणि वास्तवाचे भान सुटणारे तीव्र मनोविकार यांच्या सीमेवर ते उभे आहेत, असे तेव्हा वाटत होते. 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानग्रंथात या विकाराला स्वतंत्र स्थान मिळाले. तो शंभरांतील एक-दोन प्रौढांना असतो. पुरुषांतही तो आढळतो; पण त्यांच्या बाबतीत तो पुष्कळदा नुसता तापटपणा म्हणून खपून जातो.

आता शरीराकडे वळू. मेंदूच्या आत, दोन्ही बाजूंस, बदामाच्या आकाराचा एक लहानसा भाग असतो. त्याला अमिग्डला म्हणतात. संकटाची चाहूल घेणारा हा घरातला राखणदारच होय. कपाळामागचा मेंदूचा भाग त्याला आवरतो. "थांब, तो चोर नव्हे, पाहुणा आहे," असे जणू समजावतो. या विकाराच्या अनेक रुग्णांत राखणदार अधिक लवकर खडबडून उठतो आणि त्याला आवरणारी यंत्रणा दुबळी पडते, असे मेंदूच्या प्रतिमांवरून केलेल्या पुष्कळ अभ्यासांत दिसले आहे. निर्विकार चेहऱ्यातही रुग्णाला नाराजी दिसते. भावना चटकन उसळते, फार उंच जाते आणि उतरायला फार वेळ लागतो. मात्र हे निष्कर्ष रुग्णसमूहांच्या सरासरीचे आहेत. एकट्या माणसाचे निदान करील अशी रक्ताची किंवा मेंदूची तपासणी आज उपलब्ध नाही. ते तज्ज्ञाने सविस्तर बोलूनच करावे लागते.

हा स्वभाव येतो कोठून? स्वीडनमध्ये 18 लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासून 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 46 टक्के निघाला. याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. कोणा एकीचा 46 टक्के आजार आईबापांकडून आला, असा तो अर्थ नव्हे. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक दिसतो, त्याच्या जवळजवळ निम्म्या भागाचे मूळ जनुकांत आहे, एवढेच तो आकडा सांगतो. उरलेला भाग मुख्यतः ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांचा असतो. काहींच्या वाट्याला बालपणी छळ किंवा हेळसांड आलेली असते. काहींच्या वाट्याला तसे काहीच आलेले नसते. म्हणून आजार दिसला की आईबापांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे अन्यायाचे आहे. आणि कोठे खरोखरच छळ झाला असेल, तर जनुकांचे नाव पुढे करून तो झाकणे हाही तितकाच अन्याय होय.

या विकाराच्या उपचाराला नवी दिशा देणाऱ्या मार्शा लाइनहॅन यांनी रुग्णाची तुलना अंगभर भाजलेल्या माणसाशी केली. मनाला त्वचाच नाही. हलका स्पर्शही आग करतो. हे त्यांना केवळ पुस्तकांतून कळले नव्हते. 1961 साली, सतराव्या वर्षी, त्यांना स्वतःला मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले होते. तेथे त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि ही गोष्ट त्यांनी 2011 साली जाहीरपणे सांगितली. त्यांच्या सिद्धान्ताप्रमाणे उपजत हळवे मन आणि त्या मनाची वेदना खोटी ठरवणारा परिसर यांच्या परस्परांवरील आघातांतून हा विकार वाढतो. मूल जितके पेटते, तितके घर "त्यात रडण्यासारखे काय आहे?" म्हणते, आणि घर जितके असे म्हणते, तितके मूल आणखी मोठ्याने ओरडते. यात कोणी दुष्ट असावे लागत नाही.

या चक्रात घरातील माणसेही होरपळतात. आई पाऊल जपून टाकू लागते, धाकट्या भावंडाकडे लक्ष द्यायला कोणाला सवड उरत नाही, पाहुण्यांना बोलावणे बंद होते. पण चक्र जेथे घरात फिरते, तेथे ते घरात मंदावताही येते. "मला उशीर झाला आणि तुझा जीव खालीवर झाला, हे मला कळते आहे. पण भांडी फेकलेली मला चालणार नाहीत." या दोन वाक्यांत वेदनेचा स्वीकार आहे आणि वर्तनाला मर्यादाही आहे. वेदना खरी मानणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. जीव देण्याची भाषा मात्र कधीही 'नाटक' म्हणून सोडून देऊ नये. अशा वेळी माणसाला एकटे ठेवू नये, औषधे आणि कीटकनाशके हाती लागणार नाहीत असे पाहावे आणि तत्काळ वैद्यकीय मदत घ्यावी. भारत सरकारने 2022 साली सुरू केलेली टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर अनेक भारतीय भाषांतून सल्ला देते.

या विकारावर रामबाण गोळी नाही. खरा उपचार संवादाचा आणि सरावाचा आहे. लाइनहॅन यांच्या पद्धतीची पहिली नियंत्रित चाचणी 1991 साली प्रसिद्ध झाली. तिच्यात भावनेचा लोट सोसण्याची आणि सावरण्याची कौशल्ये शिकवतात. अमेरिकेत 1992 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात 290 रुग्णांचा दीर्घकाळ मागोवा घेण्यात आला. दहा वर्षांत त्यांपैकी दहांतल्या नवांहून अधिक जणांची लक्षणे निदान दोन वर्षे तरी ओसरलेली राहिली. नोकरी आणि नाती यांची घडी बसायला मात्र अधिक वेळ लागला. ती समाधानकारक बसली असे सुमारे निम्मेच होते. तरीही 'हिचा स्वभावच असा, तो सरणावरच जाणार' हे आपले ठरलेले वाक्य या आकड्यांपुढे टिकत नाही.

भाजलेल्या अंगावर नवी त्वचा हळूहळूच येते. ती येईपर्यंत कोठे हात लावावा आणि कोठे लावू नये, हे घरच्यांना शिकावे लागते. आणि ते शिकता येते.