मँचेस्टर युनायटेडची पुनर्बांधणी (१९८६–१९९३)

मँचेस्टर युनायटेडची पुनर्बांधणी म्हणजे नोव्हेंबर १९८६ मध्ये स्कॉटिश व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांची नेमणूक झाल्यापासून मे १९९३ मध्ये क्लबने २६ वर्षांनंतर इंग्लंडचे लीग विजेतेपद मिळवेपर्यंतचा कालखंड होय. पुढील यशामुळे हा कालखंड अखंड प्रगतीचा वाटतो. प्रत्यक्षात पहिल्या साडेतीन वर्षांत संघाची लीगमधील स्थिती सुधारण्याऐवजी बहुतांशी खालावली होती. क्लबच्या मुळाशी होत असलेले बदल या काळात गुणतालिकेत उमटत नव्हते.

पार्श्वभूमी

मॅट बस्बी यांच्या व्यवस्थापनाखाली युनायटेडने १९६७ मध्ये लीग आणि १९६८ मध्ये युरोपियन चषक जिंकला होता. बस्बी १९६९ मध्ये पायउतार झाल्यावर पाच व्यवस्थापक आले आणि गेले. १९७४ मध्ये तर संघाची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. पुढच्याच हंगामात तो परतला. प्रेक्षकसंख्या आणि कीर्ती यांत क्लब अग्रगण्यच होता, परंतु लीग विजेतेपद त्याला हुलकावणी देत राहिले. शेजारच्या लिव्हरपूलने मात्र १९७६ ते १९८६ या अकरा हंगामांत आठ वेळा लीग जिंकली.

रॉन अ‍ॅटकिन्सन यांच्या कारकिर्दीत युनायटेडने १९८३ आणि १९८५ मध्ये एफ.ए. चषक पटकावला. १९८५–८६ चा हंगाम सलग दहा विजयांनी सुरू झाला, पण संघ अखेरीस चौथ्या स्थानावर राहिला. पुढील हंगामाचा प्रारंभ इतका वाईट झाला की नोव्हेंबरच्या सुरुवातीस २२ संघांच्या श्रेणीत युनायटेड २१ व्या क्रमांकावर होता. लीग चषकात साउदॅम्प्टनकडून ४–१ असा पराभव झाल्यानंतर अ‍ॅटकिन्सन यांना दूर करण्यात आले आणि ६ नोव्हेंबर १९८६ रोजी फर्ग्युसन यांची नियुक्ती झाली.

फर्ग्युसन यांनी अ‍ॅबर्डीन या तुलनेने लहान क्लबला तीन वेळा स्कॉटलंडचे विजेतेपद मिळवून देऊन सेल्टिक व रेंजर्स यांची मक्तेदारी मोडली होती. १९८३ मध्ये याच संघाने रेआल माद्रिदला २–१ असे नमवून युरोपियन कप विनर्स चषक जिंकला. लहान क्लबला मोठे करण्याचा अनुभव त्यांच्या गाठी होता. पडत्या काळातही स्वतःला मोठाच समजणाऱ्या क्लबचा नव्हता.

शिस्त आणि संघातील फेरबदल

८ नोव्हेंबर रोजी ऑक्सफर्ड युनायटेडविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात संघ २–० असा हरला. खेळाडूंची शारीरिक क्षमता फर्ग्युसन यांना अपुरी वाटली आणि त्याचे एक कारण त्यांनी मद्यपानाच्या प्रचलित सवयीत पाहिले. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलमध्ये सामन्यानंतर खेळाडूंनी एकत्र मद्यपान करणे हा संघभावनेचाच भाग मानला जाई. त्यामुळे या सवयीला हात घालणे म्हणजे ड्रेसिंग रूममधील प्रस्थापित व्यवस्थेलाच हात घालणे होते.

१९८९ च्या उन्हाळ्यात पॉल मॅकग्रा आणि नॉर्मन व्हाइटसाइड या दोन लोकप्रिय खेळाडूंना विकण्यात आले. दोघेही दुखापतींनी ग्रस्त होते. व्हाइटसाइडच्या गोलामुळेच १९८५ चा चषक मिळाला असल्याने चाहत्यांना हा निर्णय रुचला नाही. मॅकग्राच्या बाबतीत तर फर्ग्युसन यांचा अंदाज सरळसरळ चुकला असे म्हणावे लागते. अ‍ॅस्टन व्हिलाकडून तो पुढे अनेक वर्षे खेळला आणि १९९३ मध्ये व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्याची वर्षातील सर्वोत्तम खेळाडू म्हणून निवड केली.

नव्याने आलेल्यांमध्ये आघाडीपटू ब्रायन मॅक्लेअर आणि बचावपटू स्टीव्ह ब्रूस (दोघे १९८७) हे महत्त्वाचे ठरले. मॅक्लेअरने पहिल्याच हंगामात लीगमध्ये २४ गोल केले. जॉर्ज बेस्टनंतर लीगच्या एका हंगामात वीसहून अधिक गोल करणारा तो युनायटेडचा पहिला खेळाडू होता. १९८७–८८ मध्ये संघ लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरा आला. १९८८ मध्ये मार्क ह्यूज बार्सिलोनाहून परतला, तरीही पुढील हंगामात संघ अकराव्या स्थानावर घसरला.

युवा विभाग

फर्ग्युसन यांच्या कामाचा सर्वांत टिकाऊ भाग सर्वांत कमी दिसणारा होता. मँचेस्टर परिसरातील होतकरू मुले शेजारच्या मँचेस्टर सिटीकडे वळत आहेत, हे त्यांनी आल्याबरोबर हेरले. त्यांनी खेळाडू शोधणाऱ्या निरीक्षकांची संख्या वाढवली. १९६८ च्या युरोपियन चषकविजेत्या संघातील ब्रायन किड यांच्याकडे स्थानिक मुलांच्या शोधाचे काम सोपवण्यात आले. युवा संघाचे प्रशिक्षक एरिक हॅरिसन हे अ‍ॅटकिन्सन यांच्या काळापासूनच क्लबमध्ये होते; फर्ग्युसन यांनी त्यांना कायम ठेवले. पूर्वसुरींचे सगळेच मोडून टाकायचे, असा त्यांचा खाक्या नव्हता.

या मोहिमेचे ठळक उदाहरण रायन गिग्जचे आहे. सॅल्फर्डच्या शालेय संघातून खेळणारा हा मुलगा सिटीच्या केंद्रात सराव करत असे. २९ नोव्हेंबर १९८७ रोजी, त्याच्या चौदाव्या वाढदिवशी, फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी गेले आणि त्याला युनायटेडकडे वळवले. पहिल्या श्रेणीच्या संघाचा व्यवस्थापक दारात उभा राहतो, याचा त्या कुटुंबावर किती परिणाम झाला असेल याची कल्पना करता येते.

युवकांची पहिली तुकडी मात्र आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. ली मार्टिन, मार्क रॉबिन्स, रसेल बिअर्ड्समोर आदींना १९८९ च्या सुमारास वृत्तपत्रांनी ‘फर्गीची पिल्ले’ असे नाव दिले होते. त्यांच्यापैकी फारच थोडे क्लबमध्ये दीर्घकाळ टिकले.

१९८९–९० चा हंगाम

हा हंगाम विचित्र रीतीने सुरू झाला. अध्यक्ष मार्टिन एडवर्ड्स यांनी क्लब मायकेल नाइटन या उद्योजकाला सुमारे दोन कोटी पाउंडांना विकण्याचे ठरवले होते. १९ ऑगस्ट रोजी आर्सेनलविरुद्धच्या सामन्यापूर्वी नाइटन संघाचा पोशाख घालून ओल्ड ट्रॅफर्डच्या मैदानात उतरले आणि त्यांनी प्रेक्षकांसमोर चेंडू पायांवर खेळवून दाखवला. युनायटेडने गतविजेत्या आर्सेनलला ४–१ असे हरवले. विक्रीचा व्यवहार मात्र पुढे फिसकटला.

या काळात नील वेब, माइक फेलन, पॉल इन्स, डॅनी वॉलेस आणि बचावपटू गॅरी पॅलिस्टर यांच्यावर एकूण साठ लाखांहून अधिक पाउंड खर्च झाले. त्यांतील २३ लाख एकट्या पॅलिस्टरसाठी होते. वेब सप्टेंबरमध्येच इंग्लंडकडून खेळताना गंभीर जखमी झाला. त्याच महिन्यात मँचेस्टर सिटीने युनायटेडला ५–१ असे पराभूत केले. डिसेंबरमध्ये क्रिस्टल पॅलेसविरुद्ध मायदेशी सामना गमावला, तेव्हा तीन वर्षांच्या सबबी पुरे झाल्या अशा आशयाचा फलक प्रेक्षकांत झळकला. १८ नोव्हेंबरनंतर संघाने लीगमधील पुढचा विजय थेट १० फेब्रुवारीला मिळवला.

अशा स्थितीत ७ जानेवारी १९९० रोजी एफ.ए. चषकाच्या तिसऱ्या फेरीत नॉटिंगहॅम फॉरेस्टशी त्यांच्याच मैदानावर गाठ पडली. पराभव झाल्यास फर्ग्युसन यांची गच्छंती अटळ, असे वृत्तपत्रांनी गृहीत धरले होते. मार्क रॉबिन्सच्या एकमेव गोलाने युनायटेडने सामना जिंकला आणि या गोलाने व्यवस्थापकाची नोकरी वाचवली, ही आख्यायिका रूढ झाली. त्यांना काढण्याचा विचारच नव्हता, असे एडवर्ड्स यांनी नंतर सांगितले. ही ग्वाही विजयानंतर देणे सोपे होते; तरीही लीगमधील इतक्या मोठ्या अपयशाच्या काळात संचालक मंडळाने बदल केला नाही, ही वस्तुस्थिती उरते.

चषकाच्या या मोहिमेत युनायटेडला एकही सामना स्वतःच्या मैदानावर खेळायला मिळाला नाही. उपांत्य फेरीत ओल्डहॅमशी ३–३ अशी बरोबरी झाल्यावर फेरसामन्यात निर्णायक गोल पुन्हा रॉबिन्सनेच केला. क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा अंतिम सामनाही ३–३ असा सुटला. फेरसामन्यासाठी फर्ग्युसन यांनी अ‍ॅबर्डीनपासूनचा आपला गोलरक्षक जिम लेटन याला वगळून लेस सीली याला खेळवले. निर्णय निष्ठुर होता आणि दोघांचे संबंध त्यामुळे कायमचे दुरावले. १७ मे १९९० रोजी ली मार्टिनच्या गोलाने युनायटेडने सामना १–० असा जिंकला. कोट्यवधींच्या खरेदीच्या या हंगामात निर्णायक गोल युवा विभागातून आलेल्या दोघांनी केले. लीगमध्ये संघ तेराव्या स्थानावर राहिला.

विजेतेपदापर्यंत

हेसेल दुर्घटनेनंतर इंग्लिश क्लबांवर घातलेली युरोपीय बंदी १९९० मध्येच उठली. चषकविजेता म्हणून युनायटेडला कप विनर्स चषकात प्रवेश मिळाला आणि १५ मे १९९१ रोजी रॉटरडॅम येथे ह्यूजच्या दोन गोलांच्या बळावर त्यांनी बार्सिलोनाला २–१ असे हरवले. डेनिस अर्विन (१९९०) आणि डॅनिश गोलरक्षक पीटर श्मायकेल (१९९१) यांच्या आगमनाने बचाव भक्कम झाला. १९९१–९२ मध्ये विजेतेपद हाताशी आले असताना एप्रिलमध्ये सलग तीन सामने गमावल्याने ते लीड्स युनायटेडकडे गेले. त्याच वसंतात गिग्ज, डेव्हिड बेकहॅम, निकी बट आणि गॅरी नेव्हिल यांच्या संघाने एफ.ए. युवा चषक जिंकला.

१९९२–९३ हा नव्या प्रीमियर लीगचा पहिला हंगाम होता. पहिले दोन्ही सामने युनायटेडने गमावले आणि गोलांची चणचण जाणवू लागली. नोव्हेंबरमध्ये लीड्सने अर्विनसाठी विचारणा करण्याकरिता एडवर्ड्स यांना दूरध्वनी केला. त्यांनी नकार दिला आणि उलट एरिक कँटोनाविषयी विचारले. सुमारे १२ लाख पाउंडांत हा फ्रेंच आघाडीपटू युनायटेडमध्ये आला आणि विस्कळीत आक्रमणाला केंद्र मिळाले. १० एप्रिल १९९३ रोजी शेफिल्ड वेन्सडेविरुद्ध ०–१ ने मागे असताना बचावपटू ब्रूसने अखेरच्या काही मिनिटांत व वाढीव वेळेत डोक्याने दोन गोल करून सामना फिरवला.

२ मे रोजी अ‍ॅस्टन व्हिला ओल्डहॅमकडून हरला आणि युनायटेड न खेळताच विजेता ठरला. फर्ग्युसन त्या वेळी गोल्फ खेळत होते. हंगामाअखेर दुसऱ्या क्रमांकावरील व्हिलापेक्षा युनायटेडचे दहा गुण अधिक होते. त्या व्हिलाच्या बचावफळीचा आधारस्तंभ पॉल मॅकग्रा हा होता.

नंतरचा काळ

१९९४ मध्ये लीग आणि एफ.ए. चषक असे दुहेरी यश मिळाले. १९९५ मध्ये फर्ग्युसन यांनी इन्स, ह्यूज आणि आंद्रेई कांचेल्स्किस यांना जाऊ देऊन १९९२ च्या युवा संघातील खेळाडूंवर भिस्त ठेवली आणि १९९६ मध्ये दुहेरी यशाची पुनरावृत्ती केली. १३ लीग विजेतेपदांनंतर ते २०१३ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या शिफारशीवरून नेमलेले डेव्हिड मॉयेस यांच्याशी क्लबने सहा वर्षांचा करार केला होता. एप्रिल २०१४ मध्ये, संघ सातव्या स्थानावर असताना, त्यांना पदावरून दूर करण्यात आले.