तराजूच्या साक्षीने

आरंभीचे रोम हे शेतकऱ्यांचेच गाव. तेथे शेळी-मेंढी नुसती हाती दिली की विक्री पुरी होई. परंतु बैल किंवा शेत विकावयाचे, तर किमान पाच प्रौढ नागरिक साक्षीला आणि आणखी एक तराजू धरावयास लागे. खरेदीदार बैलाला हात लावून तो आपला झाल्याचे उच्चारी आणि काशाचा तुकडा तराजूवर आपटून विकणाऱ्यास देई. शेत अर्थातच दुरून विकले जाई! नाणी येण्यापूर्वी धातू खरोखरच तोलीत. एवढा खटाटोप अशासाठी असावा, की बैल वा जमीन गेली म्हणजे घराची नांगरटच थांबे. पैशाचे लॅटिन नाव ‘पेकूनिया’ हेही गुरांवरूनच पडले. आपला ‘पशू’ त्याचा सगोत्र. हा भेद सम्राट जस्टिनियनने इ. स. 531 मध्ये कायद्यातून काढला. तराजू त्यापूर्वीच अडगळीत गेला होता.