कुरवाळू नका, पिंजरा घासा

शॅमेलिऑनला हाताळलेलं आवडत नाही. कुत्र्याला आवडतं, मांजराला त्याची मर्जी असेल तेव्हा आवडतं, पोपटालाही हळूहळू सवय लावता येते. शॅमेलिऑनच्या बाबतीत फार तर एवढंच साधतं, की तो आपल्याला सहन करतो. अमेरिकेत आणि युरोपात हा सरडा हौसेने पाळणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यातले मुरलेले लोक त्याला मत्स्यालयातल्या माशासारखाच बघण्याचा प्राणी मानतात. खांद्यावर सरडा घेऊन काढलेल्या फोटोंनी मात्र भलताच समज पसरवला आहे.

पाळण्यात मुख्यतः दोन जाती दिसतात. व्हेल्ड शॅमेलिऑन येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य डोंगरपट्ट्यातला, डोक्यावर उंच शिरस्त्राणासारखा तुरा असलेला. नर शेपटीसकट दीड-दोन फुटांचा होतो. हा काटक, दराला त्यातल्या त्यात परवडणारा, म्हणून नवखे हाच घेतात. गंमत अशी की स्वभावाने हाच सगळ्यांत तिरसट. पिल्लू असताना हातावर येतो आणि वयात आला की त्याच हातावर तोंड उघडून धावतो. दुसरा मादागास्करच्या उत्तर आणि पूर्व किनाऱ्यावरचा पँथर शॅमेलिऑन. याचे रंग गावागणिक बदलतात. आंबिलोबेकडचे नर लाल-निळ्या पट्ट्यांचे, नोसी बे बेटावरचे निळसर हिरवे. हा जरा समजूतदार, पण ‘जरा’च. केनियाच्या डोंगरातला तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलिऑन याहून शांत असतो, पण त्याला रात्री गारवा लागतो. गरम घरात त्याचे हाल होतात.

चिडलेला शॅमेलिऑन ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. तो आडवा वळतो, अंग पापडासारखं चपटं करून मोठा दिसू लागतो, गळा फुगवतो, फुत्कारतो. पण त्याच्या आधीची एक खूण बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तुम्ही पिंजऱ्याजवळ गेलात, की तो सावकाश फांदीच्या पलीकडच्या अंगाला सरकतो. फांदी मध्ये राहील एवढंच बघतो. एक डोळा कडेने तुमच्यावर, दुसरा पळवाटेवर. तो इथेच ‘नको’ म्हणालेला असतो. पुढचं फुगणं आणि फुत्कारणं ही आपण न ऐकल्यावरची भाषा आहे.

रंगांचाही असाच घोळ होतो. शॅमेलिऑन पानात दिसला की हिरवा आणि मातीत दिसला की तपकिरी होतो, ही समजूत फारशी खरी नाही. ऊन, तापमान आणि मनःस्थिती यांवर त्याचा रंग अधिक ठरतो. जीनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५मध्ये पँथर शॅमेलिऑनच्या त्वचेतली ही यंत्रणा दाखवून दिली. कातडीतल्या काही पेशींत ग्वानीनचे अतिसूक्ष्म स्फटिक जाळीसारखे रचलेले असतात. तो शांत असताना ते जवळजवळ असतात आणि निळा प्रकाश परतवतात. त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असल्याने आपल्याला हिरवा दिसतो. उत्तेजित झाला की स्फटिक लांब सरकतात आणि कातडी पिवळी, नारिंगी होते. तेव्हा पाहुण्यांसमोर नराला आरसा दाखवला, तो झगमगला आणि सगळ्यांनी वाहवा केली, तर तो प्रत्यक्षात मारामारीच्या तयारीत आहे. रोज असा तमाशा झाला की त्याचं खाणं सुटतं. ताण आला की व्हेल्ड मात्र काळवंडतो. दिवसाउजेडी डोळे मिटून बसलेला शॅमेलिऑन कोणत्याही जातीचा असो, तो झोपाळू नसतो, आजारी असतो.

तरी कधी ना कधी त्याला बाहेर काढावं लागतंच: पशुवैद्याकडे न्यायला, पिंजरा धुवायला. तेव्हा वरून हात घालायचा नाही. त्याच्या लेखी वरून येणारी गोष्ट म्हणजे पक्षी, आणि पक्षी म्हणजे मरण. हात खालून, समोरून, त्याच्या छातीच्या थोडा पुढे आडवा धरायचा आणि थांबायचं. हे थांबणंच जड जातं. त्याची पावलं चिमट्यासारखी असतात, एका बाजूला दोन बोटं आणि दुसऱ्या बाजूला तीन एकमेकांना जोडलेली. तो पुढचा एक पाय उचलतो, हवेत झुलवतो, तुमच्या बोटावर टेकवून परत घेतो. मग दुसरा. शेवटी शेपटीचा वेढा फांदीवरून सुटतो, तेव्हाच तो खरा तुमच्या हातावर आला असं समजायचं. वेढा सुटायच्या आत ओढलं तर नख्या आणि बोटं दुखावतात. पालीची शेपटी तुटली तर पुन्हा येते. याची येत नाही. बोटांत धरलेली अळी स्वतःहून येऊन खाणारा शॅमेलिऑन हाच माणसाळण्याचा शेवटचा टप्पा धरावा.

स्वभावाचा निम्मा प्रश्न पिंजरा कुठे आणि कसा ठेवला यावरच सुटतो. साधारण दोन फूट लांब-रुंद आणि चार फूट उंच, जाळीचा, भरपूर पानांचा आणि एकट्याचा. दोन नर समोरासमोर दिसता कामा नयेत. काचेच्या पेटीत तर स्वतःचं प्रतिबिंबच शत्रू ठरू शकतं. पिंजरा जमिनीवर न ठेवता टेबलावर चढवला, की वरच्या फांदीवरचा सरडा माणसाच्या डोळ्यांपेक्षा उंच बसतो. एवढ्यानेही त्याचा तिरसटपणा कमी होतो.

आता स्वच्छता. इथे मुळातच एक पेच आहे. शॅमेलिऑन वाटीतलं साठलेलं पाणी सहसा पीतच नाही, ते पाणी आहे हे त्याला उमगत नाही. पानांवरचे थेंब तो चाटतो. म्हणून पिंजऱ्यात फवारणी करावीच लागते. पण ओलावा, ऊब, विष्ठा आणि मेलेले किडे एकत्र आले की बुरशी आणि जिवाणूंचं फावतं. सतत दमट, कोंदट पिंजऱ्यात श्वसनाचे विकार लागतात. यावर उपाय एकच, पहाटे आणि संध्याकाळी फवारायचं आणि मधल्या वेळात पिंजरा खडखडीत वाळू द्यायचा. तळाला निचऱ्याचा ट्रे हवा, आणि त्यात काल जमलेलं पाणी आज दिसता कामा नये. तळाशी माती, भुसा, झाडाच्या सालींचे तुकडे काही नको. किड्यावर जीभ मारताना तेही पोटात जातं आणि आतड्यात अडकतं. मोकळा तळ दिसायला रुक्ष असतो खरा, पण पुसायला सोपा असतो आणि त्यावर पडलेली विष्ठा लगेच दिसते.

ती दिसणं महत्त्वाचं, कारण ती वाचायची असते. सरपटणाऱ्या प्राण्यांची लघवी पाण्यासारखी नसते. विष्ठेच्या जोडीला युरिक आम्लाचा एक घट्ट पांढरा गोळा पडतो. तो पांढरा असेल तर पाणी पुरेसं मिळतंय. कडेला थोडी पिवळट छटा चालते. पण अख्खा गोळा गडद नारिंगी झाला तर सरडा तहानलेला आहे, फवारणीची वेळ वाढवा. शॅमेलिऑन आजार शेवटपर्यंत लपवतो. अशा प्राण्याबाबत रोज पुसायच्या आधी अर्धा मिनिट तळाकडे बघणं हीच घरच्या घरी होणारी तपासणी.

न खाल्लेले रातकिडे संध्याकाळी मोजून बाहेर काढावेत. दिवसा भक्ष्य असलेला हा किडा रात्री उलटतो. झोपलेल्या सरड्याची कातडी कुरतडल्याची, त्यातून जखमा चिघळल्याची उदाहरणं पाळणाऱ्यांना चांगली माहीत आहेत. खोलगट पेल्यात किडे दिले तर हिशेब राहतो, मात्र तो पेला रोज धुवावा लागतो. मेलेल्या रातकिड्यांचा वास ज्याने घेतलाय त्याला हे सांगायला नको.

महिन्यातून एकदा मोठी धुलाई. सरडा दुसऱ्या खोलीत एखाद्या कुंडीतल्या झाडावर, नजरेसमोर. एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी, दहा मिनिटं मुरू द्यायचं, वास जाईपर्यंत धुवायचं, उन्हात वाळवायचं. फिनाईल वापरू नये, त्यातली द्रव्यं या प्राण्यांना बाधतात. ब्लीचमध्ये संडास साफ करायचं आम्ल मिसळलं तर आपल्यालाच बाधेल. आणि धुऊन झाल्यावर फांद्या होत्या तशाच लावाव्यात. त्याच्या येण्याजाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. उत्साहाच्या भरात सजावट बदलली, की चकचकीत पिंजऱ्यात बावरलेला सरडा बसतो.

दिव्याबद्दल थोडक्यात: यूव्हीबी किरण देणारी ट्यूब आणि कॅल्शियमची पूड यांवाचून हाडं मऊ होतात, पाय वाकतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालत नाही, काच हे किरण अडवते.

मादीचं प्रकरण वेगळं. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, तीही डझनांनी. खाणं आणि ऊब जितकी जास्त, तितकी अंडी जास्त, आणि तितकीच तिच्या शरीराची झीज. तिला खणायला ओलसर वाळूची बादली लागते. खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती काम सोडून देते, अंडी पोटातच अडकतात आणि जीव जाऊ शकतो. त्या दिवसांत पिंजऱ्याला चादर लावावी आणि घरच्यांना सक्त ताकीद द्यावी.

आपल्या हातांचं काय? सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला जिवाणू पसरतात, सरडा स्वतः ठणठणीत असला तरी. लहान मुलांना कासवांपासून हा संसर्ग होतो म्हणून अमेरिकेने १९७५मध्ये चार इंचांहून लहान कवचाच्या कासवांची विक्रीच बंद केली. पाच वर्षांखालची मुलं घरात असतील तर असा प्राणी ठेवू नये, असं तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. पिंजऱ्याचा ट्रे स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडचा चहा मी टाळतो.

हेळसांड झालेला प्राणी कुठवर पोचतो याची एक नोंद हवाईत आहे. १९७२मध्ये ओआहू बेटावरच्या एका प्राणीविक्रेत्याकडे केनियातून जॅक्सन शॅमेलिऑन आले, प्रवासाने खंगलेले, पाण्यावाचून सुकलेले. जरा अंग धरू देत म्हणून त्याने ते परसात सोडले. त्यांनी अंग धरलं, कुंपण ओलांडलं, आणि आज हवाईच्या रानात त्यांची वस्ती आहे. तिथल्या छोट्या स्थानिक गोगलगाईही ते खातात.

आपल्याकडे हौस करण्याआधी कायदा बघावा लागतो. या परदेशी जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या यादीत आहेत. वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याला केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. कागदपत्रांशिवाय विकणारा ‘सगळं होतं हो’ म्हणाला, तरी अडकतो घेणारा. आणि आपला देशी शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, १९७२च्या याच कायद्याखाली येतो. तो पकडणं किंवा पाळणं हा गुन्हा आहे. तो विषारी नाही. त्याला अपशकुनी मानून दगड घालणारे मात्र अजून आहेत.

घोयरा झुलत झुलत, एकेक पाऊल तोलत रस्ता ओलांडताना दिसला, तर गाडी बाजूला घेऊन एखादी काठी त्याच्या छातीपुढे आडवी धरावी. घाई नको, शेपटी मागून ढकलणं नको. तो चढला की ज्या बाजूला निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर काठी टेकवावी आणि त्याला उतरू द्यावं. जखमी असेल तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.