नौकेच्या छपरावरील उपकरणांची तारजोडणी

यांत्रिक नौकेत सुकाणूच्या वर, छपरावर अथवा छपराखालील पेटीत बसविलेल्या इलेक्ट्रॉनीय उपकरणांना विद्युत् पुरवठा करणाऱ्या व त्यांचे संकेत वाहून नेणाऱ्या तारांची मांडणी. छपराला आधार देणारे नळीदार खांब किंवा उपकरणांसाठी उभारलेली धातूची कमान यांच्या पोकळीतून या तारा नेतात. रेडिओ दूरध्वनी संच, उपग्रहांच्या साहाय्याने स्थान दर्शविणारा जीपीएस ग्राही, रडार, त्यांचे आकाशक व नौकेचे दिवे उंचावर असतात, तर विद्युत् घटमाला खाली, एंजिनाजवळ असते. या दोहोंना जोडणारा मार्ग अरुंद, सतत हादरणारा व खाऱ्या तुषारांनी भिजणारा असल्याने तो नौकेच्या विद्युत् व्यवस्थेतील दुबळा दुवा ठरतो.

सातपाटी, वर्सोवा, ससून डॉक, हर्णे, मिरकरवाडा इ. बंदरांतील मासेमारी नौकांच्या दृष्टीने या जोडणीला विशेष महत्त्व आहे. 2017 च्या ओखी चक्रीवादळात खोल समुद्रातील अनेक नौकांपर्यंत इशारा वेळेवर पोहोचू शकला नाही. केरळ-तमिळनाडूकडील कित्येक नौकांना देवगडसारख्या बंदरांचा आश्रय घ्यावा लागला. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघर येथे प्रारंभ झालेल्या राष्ट्रीय योजनेत मासेमारी नौकांवर एक लाख प्रेषानुवादक (ट्रान्सपाँडर) बसविण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. भारतीय अंतराळ संशोधन संस्थेने विकसित केलेल्या या उपकरणाद्वारे उपग्रहामार्फत दुतर्फा संदेश पाठविता येतात.

विद्युत् पुरवठा : नौकेत बहुधा 12 किंवा 24 व्होल्ट एकदिश प्रवाह वापरतात. दाब कमी असल्याने तारेच्या रोधामुळे होणारी घट लक्षणीय असते. घटमालेपासून संच 8 मी. अंतरावर असल्यास जाण्यायेण्याची तार 16 मी. होते. तीतून 5 अँपिअर प्रवाह वाहत असता 1.5 चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेत सु. 0.93 व्होल्ट घट होते. 12 व्होल्टच्या मंडलात ही सु. 8 टक्के होय. 4 चौ. मिमी. तारेत ती सु. 0.35 व्होल्ट, म्हणजे 3 टक्क्यांच्या आसपास राहते. रेडिओ संच ऐकण्यासाठी अल्प व बोलण्यासाठी त्याच्या कित्येक पट प्रवाह घेतो. त्यामुळे बारीक तारेवर वा सैल जोडावर संच एरवी उत्तम ऐकू येतो आणि मदतीची हाक देण्यासाठी कळ दाबताच बंद पडू शकतो. प्रत्येक मंडलास स्वतंत्र फ्यूज असावा व मुख्य फ्यूज घटमालेच्या निकट बसवावा. धातूची चौकट परतीचा संवाहक म्हणून वापरू नये. त्यामुळे विद्युत् विच्छेदनाने धातू झिजतो.

मार्ग व बांधणी : नळीला पाडलेल्या छिद्राची कड घासून गुळगुळीत करतात व तीत रबरी कडे बसवितात, अन्यथा हादऱ्यांनी तारेचे आवरण कापले जाते. प्रथम नळीतून दोरी ओवून तिच्या साहाय्याने तारा ओढतात आणि पुढील दुरुस्तीसाठी एक जादा दोरी आतच ठेवतात. छिद्रात शिरण्यापूर्वी तारेला खाली झोळ देतात, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जाते. नळीच्या तळाशी पाणी निचरण्यास वाट ठेवतात. नळीच्या आत जोड देऊ नयेत. कथिलाचा मुलामा दिलेली बहुपेडी तांब्याची तार खाऱ्या हवेत अधिक टिकते.

संकेतवाहक तारा : आकाशकाची समाक्ष केबल तीव्र वळणाने दुमडू नये व अकारण लांब ठेवू नये, कारण तीत संकेत क्षीण होतो. शक्य तेथे ती वीजपुरवठ्याच्या तारांपासून दूर नेतात. संकटकाळी वापरावयाच्या 16 व्या वाहिनीची कंप्रता 156.8 मेगॅहर्ट्‌झ असून तिच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. म्हणून आकाशकाची उंची महत्त्वाची ठरते. नौकेचा आकाशक 4 मी. व किनाऱ्यावरील 25 मी. उंच असल्यास क्षितिजमर्यादा सु. 29 किमी. येते. होकायंत्राजवळून एकदिश प्रवाहाच्या तारा न्यावयाच्या झाल्यास जाणारी व येणारी तार एकमेकींभोवती पिळतात, म्हणजे त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांस बव्हंशी छेद देतात.

तपासणी : पावसाळी मासेमारी बंदीत नौका किनाऱ्यावर ओढलेल्या असताना जोड उघडून हिरवट गंज, सैल मळसूत्रे व घासलेले आवरण पाहतात. दाब मोजताना संच केवळ चालू करणे पुरेसे नसते. तो प्रेषण करीत असतानाच संचाच्या टोकांशी मोजावा लागतो. याकरिता नेहमीच्या संभाषणाची वाहिनी वापरतात. 16 वी वाहिनी मोकळी ठेवतात.