व्यवसायोपचारातील डॉक्टरेट कशासाठी?

पक्षाघातातून सावरलेला रुग्ण किती स्वावलंबी झाला, हे मोजायचे कसे? १९६५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला बार्थेल निर्देशांक त्यासाठी आजही जगभर वापरतात. जेवण, अंघोळ, कपडे घालणे, जिना चढणे अशा दहा बाबी त्यात तपासतात. एकूण गुण शंभर. खुर्चीतून पलंगावर जाणे त्यात आहे. जमिनीवर मांडी घालून बसणे आणि उठणे मात्र नाही. समजा, डोंबिवलीच्या एखाद्या कारकुनाला शंभरपैकी शंभर गुण मिळाले. तरी त्याला गर्दीच्या लोकलमध्ये चढता येईल आणि ठाण्यापर्यंत उभे राहता येईल, असे नाही. कागदावर तो बरा झाला, पण नोकरी सुटली.

ही दरी बुजवणे हे व्यवसायोपचाराचे काम. येथे ‘व्यवसाय’ म्हणजे केवळ नोकरी नव्हे, तर माणूस दिवसभरात करतो ती सारी कामे. कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात या विषयाची देशातील पहिली शाळा काढली. आज महाराष्ट्रात पदवी आणि पदव्युत्तर शिक्षण मिळते. मग डॉक्टरेट कशाला?

पीएच.डी.चा भर नव्या ज्ञानाच्या शोधावर असतो. व्यावसायिक डॉक्टरेटचा भर रोजच्या उपचारातील प्रश्न शास्त्रीय रीतीने सोडवण्यावर. लोकलप्रवासाची चाचणी तयार करायची आहे असे समजू. दोन तज्ज्ञांनी एकाच रुग्णाला स्वतंत्रपणे तपासले, तर गुण जुळतात का? चाचणीत उत्तीर्ण झालेले खरोखर कामावर परततात का? यासाठी नुसता अनुभव पुरत नाही. पुष्कळ नोंदी, संख्याशास्त्र आणि मार्गदर्शक लागतात.

मात्र ही पदवी सक्तीची नको. अमेरिकेत २०२७ पासून व्यवसायात प्रवेशासाठी डॉक्टरेट अनिवार्य करण्याचा निर्णय २०१७ साली झाला. तो पुढच्याच वर्षी स्थगित झाला आणि नंतर रद्दही. आपल्याकडे नोकरी सांभाळून करता येईल असा ऐच्छिक अभ्यासक्रम हवा, आणि तोही सार्वजनिक विद्यापीठात, म्हणजे शुल्क आवाक्यात राहील. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ हे त्याचे स्वाभाविक घर. कळव्याचे महापालिका रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही रुग्णालये अशा कामाला जोडता येतील, असे आम्हांला वाटते.

शिक्षकांनी वर्गात एक प्रयोग करून पाहावा. उठल्यापासून शाळेत पोहोचेपर्यंत केलेल्या कामांची यादी मुलांना लिहायला सांगा. त्यांतली किती कामे एका हाताने जमतील, तेही विचारा. व्यवसायोपचाराचा अभ्यास नेमका तेथूनच सुरू होतो.