सगळ्यांना एकच धडा

१९९१मध्ये लास वेगासच्या हिल्टन हॉटेलात अमेरिकी नौदलाच्या वैमानिकांच्या टेलहुक संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या बोळात दुतर्फा उभ्या राहिलेल्या वैमानिकांनी तिथून जाणाऱ्या बायकांच्या अंगाला हात घातले. ८३ महिला आणि ७ पुरुषांवर अत्याचार झाल्याचं चौकशीत निघालं. तेव्हापासून अमेरिकी सैन्याचं उत्तर एकच राहिलं : सगळ्यांना बसवा, सगळ्यांना सांगा. २००५मध्ये त्यासाठी पेंटागॉनमध्ये स्वतंत्र कार्यालय झालं, स्लाइड्स झाल्या, वार्षिक हजेऱ्या झाल्या. सैन्याच्याच पाहणीत मात्र, वर्षभरात नकोसा लैंगिक स्पर्श किंवा त्याहून गंभीर काही सोसल्याचं सांगणाऱ्या महिला २००६मध्ये ६.८ टक्के होत्या. २०१०मध्ये हा आकडा ४.४वर आला, २०२१मध्ये ८.४वर चढला आणि २०२३मध्ये पुन्हा ६.८! वर्ग भरवल्याचं समाधान तेवढं मिळालं.

सरसकट धडा वाया जातो, कारण बहुतेकांना त्याची गरज नसते आणि ज्यांना असते त्यांना तो पुरत नाही. आधीच आक्रमक वृत्तीच्या पुरुषांवर असे वर्ग उलटेही पडू शकतात, असा इशारा नील मॅलमथसारख्या संशोधकांनी दिला आहे. म्हणूनच हवाई दलाच्या नवभरतीसाठी आखलेला, आधी प्रश्नावली आणि मग उत्तरांनुसार वेगळा वर्ग देणारा प्रयोग मला योग्य वाटतो. पूर्वी अत्याचार सोसलेल्यांना एक, स्वतः तसं वागण्याचा धोका असलेल्यांना दुसरा, उरलेल्यांना तिसरा.

आक्षेप घेतला जातो की पूर्वी सोसलेल्यांना वेगळा वर्ग देणं म्हणजे पीडितेवरच भार टाकणं आहे. पण कॅनडातल्या विद्यापीठांत संशोधक चार्लीन सेन यांनी विद्यार्थिनींना धोका ओळखण्याचं आणि प्रतिकाराचं शिक्षण दिलं, तेव्हा वर्षभरात बलात्कार सोसलेल्यांचं प्रमाण ९.८ऐवजी ५.२ टक्के राहिलं, असं २०१५मध्ये प्रसिद्ध झालं. हे संरक्षण कुणाला नाकारायचं? दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : सैन्यात पहिल्याच आठवड्यात खरं उत्तर देईल कोण? उत्तर नावानिशी साठवलं जाणार असेल, तर कुणीच नाही. त्यावरून कुणाची बढती अडणार असेल, तर ती चाळणी राहत नाही, पाळत होते.

शिवाय चाळणी दारात येणाऱ्यांचीच. २०१२मध्ये टेक्सासच्या लॅकलँड तळावर उघडकीला आलेल्या प्रकरणात आरोपी होते ते नवभरतीवर हुकूम चालवणारे प्रशिक्षक. अशा गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हा निर्णय डिसेंबर २०२३पासून कमांडरांच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे देण्यात आला, तो बदल म्हणूनच माझ्या मते कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा वजनदार आहे.