तोल कानाचा आणि समाजाचा

कान हे केवळ ऐकण्याचे इंद्रिय, हा समज अपुरा आहे. अंतर्कर्णात श्रवणाच्या शंखाकृती भागाला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या असतात. मस्तक किंचित कलले तरी तेथील केशपेशी मेंदूला वर्दी देतात. त्यामुळेच अंधारातही आपला तोल सावरतो. या पेशी जन्मतः सदोष असल्या तर श्रवण आणि तोल दोन्ही जातात.

ब्रिटिश नेत्रवैद्य चार्ल्स अशर यांनी १९१४ साली बहिरेपणासोबत येणाऱ्या अंधत्वाचे आनुवंशिक स्वरूप ठळकपणे मांडले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या या विकाराच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते आणि बहुधा दीड वर्ष उलटल्यावरच चालू लागते. पुढे, साधारणतः दहाव्या वर्षाच्या सुमारास, रातांधळेपणा सुरू होऊन दृष्टी आक्रसत जाते. १९९५ साली याचे एक प्रमुख जनुक सापडले. त्यापासून बनणारे प्रथिन केशपेशींना लागते तसेच डोळ्याच्या पडद्यालाही. एकाच उणिवेचे हे तिहेरी फळ होय.

म्हणूनच बहिरे मूल उशिरा चालू लागले तर त्यास ‘मंद’ म्हणून मोकळे होणे हा अन्याय आहे. ती निसर्गाने दिलेली पूर्वसूचना असते. डोळ्यांची व जनुकांची तपासणी वेळीच झाली, तर दृष्टी शाबूत आहे तोवर श्रवणयंत्रारोपण करून त्या मुलाला भाषा देता येते. हरपणारी दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपाय आज नाही. यास्तव ती वर्षे मोलाची आहेत.

सदोष जनुक आई व बाप या दोघांकडूनही आले तरच हा विकार प्रकटतो. दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणात धोका चारात एक. वाहक स्वतः धडधाकट असतात. मामाची मुलगी करण्याची चाल आपल्याकडील अनेक ज्ञातींत आहे. रक्ताच्या नात्यात एकच दोष दोहोंकडे असण्याचा संभव वाढतो. सोयरिकीच्या बोलण्यात पत्रिका आणि देणेघेणे यांचा खल होतो. घराण्यातील बहिरेपणाची व रातांधळेपणाची चौकशी मात्र अपशकुन ठरते.

असे मूल जन्मले की दोष सुनेच्या माथी मारला जातो. शास्त्राचा निर्वाळा स्पष्ट आहे: वारसा दोन्ही घराण्यांचा असतो. त्या मातेवरील हा आळ आता तरी थांबावा, आणि बहिऱ्या मुलाच्या पहिल्या पावलाची तारीख डॉक्टरांनी आवर्जून विचारावी, एवढीच आमची मागणी आहे.